सोमवारची बैठक



एका कार्यकर्त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत वक्त्याने काय बोलायचं, हे बहुतेक ठरलेलं असतं. लढे सांगायचे, तुरुंगवास सांगायचा, त्यागाचे दोन प्रसंग सांगायचे आणि तरुणांना आवाहन करून खाली बसायचं. मीही अशी भाषणं केली आहेत. आज मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. मोर्चा पांगला, मागणी मान्य झाली, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि माणूस घरी गेला. घरी जाऊन तो काय करतो? कोणाशी बोलतो? त्याला रात्री झोप लागते का?

हा विषय माझ्या मनात घर करून बसला तो एका माहितीपटामुळे. डेव्हिड फ्रान्स नावाच्या अमेरिकन पत्रकाराने २०१२ साली केलेला हा पहिलाच चित्रपट. नाव 'हाउ टू सर्व्हाइव्ह अ प्लेग', म्हणजे साथीतून जिवंत कसं राहायचं. साथ एड्सची, शहर न्यूयॉर्क, आणि माणसं बहुतेक समलिंगी तरुण. फ्रान्स यांचा स्वतःचा जोडीदार १९९२ साली याच आजाराने गेला. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे. तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, कुठे न्यूयॉर्क आणि कुठे आपण! थोडा धीर धरा. हा रस्ता म्हापशावरून आणि मुंबईवरून जातो, आणि शेवटी आपल्याच गल्लीत येतो.

आधी ती बैठक तुमच्या डोळ्यांसमोर उभी करतो. मार्च १९८७. लॅरी क्रेमर नावाचा लेखक न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका समाजकेंद्रात भाषण करतो आणि त्यातून 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहते. तेव्हा या आजारावर फक्त एक औषध नुकतंच मंजूर होत होतं, तेही अतोनात महाग आणि अपुरं. सरकार ढिम्म होतं. काही रुग्णालयांत अशा रुग्णांना हात लावायला माणसं तयार नव्हती. मग ही पोरं दर सोमवारी संध्याकाळी जमायला लागली. खुर्च्या भरल्या की जमिनीवर, जमीन भरली की भिंतीला टेकून. कुणाच्या हातात कॅमेरा असायचा, कारण घरगुती व्हिडिओ कॅमेरे त्याच काळात बाजारात आले होते. त्या पोरांनीच टिपलेल्या शेकडो तासांच्या चित्रफितींतून हा माहितीपट विणलेला आहे. म्हणून त्यात निवेदक समोर बसून काही सांगत नाही. तुम्ही थेट त्या खोलीत जाऊन बसता.

आणि खोली कशी? आपल्या कुठल्याही जिल्हा बैठकीसारखी! एकजण माईक सोडत नाही. दुसरा नियमावर बोट ठेवतो. मागे दोघांचं हळूच काहीतरी जुळतंय. कोणी आजारी आहे, कोट काढत नाही, पण मतदान होईपर्यंत उठतही नाही. १९९१ मधल्या एका बैठकीचा प्रसंग यात आहे. आरडाओरडा चाललेला, कोणी कोणाचं ऐकत नाही. क्रेमर समोर बसलेले. आणि एकाएकी ते एकच शब्द ओरडतात, साथ! सगळं सभागृह गप्प. मग ते बोलतात, आणि ज्यांना ज्यांना ते झापताहेत त्यांच्यातले किती त्याच वर्षात मरणार आहेत हे आपल्याला माहीत नसतं. त्यांनाही नसतं.

या खोलीत विशीतला एक मुलगा येतो. स्पेन्सर कॉक्स. जन्म १९६८ चा, जॉर्जियातल्या अटलांटाचा. नाटक आणि साहित्य शिकायला कॉलेजात गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. शास्त्राशी संबंध नाही. स्वतःला लागण झालेली. त्या काळात याचा अर्थ हातात थोडीच वर्षं आहेत, असा होता. माझं आजचं बोलणं याच मुलाबद्दल आहे.

या मंडळींनी एक विलक्षण गोष्ट केली. ती चळवळ करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे. नुसत्या घोषणा देऊन भागणार नाही हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. आयरिस लाँग नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई एक दिवस बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला औषधं कशी तयार होतात, कशी तपासली जातात हे काहीच कळत नाही, ते शिका. आणि ही पोरं शिकली! शेअर बाजाराच्या गल्लीत रोख्यांचे सौदे करणारा पीटर स्टेली, पटकथा लिहू पाहणारा मार्क हॅरिंग्टन, नाटकवाला स्पेन्सर, सगळे विषाणूशास्त्राची पुस्तकं घेऊन बसले. शब्दकोश तयार केला, रात्री वर्ग घेतले. ११ ऑक्टोबर १९८८ ला त्यांनी वॉशिंग्टनजवळ औषध प्रशासनाच्या मुख्य कार्यालयाला वेढा घातला. पुढे ज्या दारावर मोर्चे नेले त्याच दारातून आत जाऊन, टेबलापलीकडच्या शास्त्रज्ञांशी त्यांच्या भाषेत वाद घातला. बाहेर घोषणा आणि आत अभ्यास, दोन्ही एकाच वेळी. मला या चित्रपटात सगळ्यात भावलेलं हेच आहे, आणि आपल्या चळवळींत सगळ्यात कमी झालेलंही हेच.

१९९२ साली यातल्या अभ्यासू गटाने वेगळी चूल मांडली, 'ट्रीटमेंट ॲक्शन ग्रुप'. स्पेन्सर त्याच्या संस्थापकांपैकी. आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. रिटोनाविर नावाचं एक नवं औषध आलं होतं. माणसं मरत होती, आणि ती म्हणत होती, तपासण्या पुरे झाल्या, औषध द्या! ही मागणी चूक म्हणण्याची कोणाची छाती होणार? स्पेन्सर म्हणाला, औषध द्यायचंच आहे, पण ते खरंच जीव वाचवतं का हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर आपण पुढची दहा वर्षं अंधारात गोळ्या गिळत राहू. त्याने चाचणीचा आराखडा मांडला. रुग्णाने चालू असलेली औषधं सोडायची नाहीत, त्यांच्या जोडीला अर्ध्यांना हे नवं औषध, अर्ध्यांना नुसती साखरेची गोळी. आपल्याच माणसांना साखरेची गोळी द्यायला सांगणारा म्हणून त्याने आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण चाचणी झाली. हजारावर रुग्ण होते. काही महिन्यांत आकडे हाती आले आणि मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं होतं. मार्च १९९६ मध्ये औषधाला मान्यता मिळाली, आणि त्या वर्षभरात तीन-तीन औषधं एकत्र देण्याच्या उपचाराने अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली.

त्याच रिटोनाविरचा उपयोग पुढे दुसऱ्या औषधांची ताकद वाढवण्यासाठी होऊ लागला. परवाच्या कोरोनात पॅक्सलोविड नावाच्या गोळ्या आल्या, त्यातही हेच रिटोनाविर आहे. पदवी न घेतलेल्या त्या नाटकवाल्या पोराने लावलेला हात किती लांबवर पोचला बघा.

झालं. लढाई जिंकली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

ती इथे संपत नाही, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. तुम्ही पंचविशीचे आहात. तुम्ही मरणार आहात असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तुम्ही शिक्षण सोडलं, नोकरी सोडली, विम्याचे पैसे काढून घेतले, पुढच्या वर्षाचा विचार करायचं सोडून दिलं. तुमचे सगळे मित्र, शब्दशः सगळे, एकाच खोलीतले आहेत. त्यातले निम्मे गेले. आणि एक दिवस कोणीतरी सांगतं, अरे, तू मरत नाहीयेस. तुझ्यापुढे अजून चाळीस वर्षं असू शकतात. जा, जग!

कसं जगायचं? कोणाबरोबर? सोमवारी संध्याकाळी जायचं कुठे?

मला जी पहिली गोष्ट सांगायची आहे ती या सोमवारबद्दल आहे. चळवळ माणसाला विचार देते, दिशा देते, हे आपण नेहमी म्हणतो. ती त्याला आठवड्याचा वारही देते. अमुक वारी बैठक, तमुक वारी पत्रक छापायला टाकायचं, रविवारी गावात. कोणीतरी तुमची वाट बघतंय आणि तुम्ही गेला नाहीत तर निरोप येतो, का आला नाहीस, बरा आहेस ना. हे आपल्याला औषध वाटत नाही, कारण ते फुकट मिळतं. लढा जिंकला की ते बंद होतं, हरला तरी बंद होतं. न्यूयॉर्कमधले ते सोमवार एकाएकी थांबले नाहीत, पण खोली रिकामी होत गेली. माणसं मेली, भांडून वेगळी झाली, दमली, आणि जी बरी झाली ती घरी गेली.

दुसरी गोष्ट शोकाची आहे. या मंडळींना रडायला वेळच मिळाला नव्हता. ज्याची तिरडी उचलली त्याच्याच नावाने दुसऱ्या दिवशी पत्रक काढायचं, असा तो काळ. ११ ऑक्टोबर १९९२ ला ही माणसं आपल्या मृत मित्रांची, नवऱ्यांची, मुलांची राख घेऊन वॉशिंग्टनला गेली आणि अध्यक्षांच्या निवासाच्या कुंपणावरून ती राख त्यांनी हिरवळीवर टाकली. चित्रपटात ते दृश्य आहे. एका बाजूला घोड्यावरचे पोलीस, ढोलांचा आवाज, आणि डब्यातून, पिशवीतून, मुठीतून उडणारी ती करडी पूड. मी ते दृश्य तीनदा बघितलं. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात, दहावा होतो, तेरावा होतो, माणसं येऊन बसतात, घरातल्या बाईला जबरदस्तीने दोन घास भरवतात. शोकाला आपण तेरा दिवस राखून ठेवले आहेत, ते उगाच नाही. या पोरांनी शोकाचंही आंदोलन केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि आंदोलन संपल्यावर तो न केलेला शोक दाराशी येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांचा एकदम.

आता स्पेन्सरकडे परत येऊ. या मुलाला जे दिसलं ते फार थोड्यांना दिसलं होतं. साथ ओसरली तरी आपली माणसं ठीक नाहीत, हे त्याने ओळखलं. त्यांना झोप नाही, ती नशेकडे वळताहेत, एकेकटी पडली आहेत, औषधं असूनही औषधं चुकवताहेत. त्याने यालाही आजारासारखंच घेतलं, अभ्यास केला, लिहिलं, आणि २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर एक छोटी संस्था काढली, 'मेडियस इन्स्टिट्यूट'. वय वाढत चाललेल्या समलिंगी पुरुषांचं नैराश्य, एकटेपण, व्यसन यांवर काम करायचं, हा उद्देश. त्याला पैसे मिळाले नाहीत. थोड्याच काळात संस्था बंद पडली.

याच्यावर मी फार विचार केला. मरणाशी लढायचं म्हटल्यावर मदत उभी राहिली, शास्त्रज्ञ आले, अखेर सरकारही आलं. वाचलेल्यांना जगायला मदत करा म्हटल्यावर कोणी आलं नाही. कारण वाचलेला माणूस ही आपल्याला पूर्ण झालेली गोष्ट वाटते. तो वाचला ना? मग आता त्याला काय झालं?

आणि ज्याने हे सगळं शास्त्रशुद्ध मांडलं त्याच्या स्वतःच्या बाबतीत काय झालं? त्याला नशेने गाठलं. तो न्यूयॉर्क सोडून गावी अटलांटाला गेला, परत आला. आणि ज्या गोळ्यांसाठी त्याने आपल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या गोळ्या घेणं त्याने थांबवलं होतं, असं त्याच्या जवळच्या मित्रांनी सांगितलं. १८ डिसेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात तो गेला. एड्सने. वय ४४.

तारीख लक्षात घ्या. माहितीपट सप्टेंबर २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला होता. या चित्रपटाची रचना अशी आहे की जवळजवळ शेवटपर्यंत आपण फक्त तरुण चेहरे बघत राहतो आणि यातलं कोण जगलं, कोण गेलं हे दिग्दर्शक सांगत नाही. मग अखेरीस एकेक चेहरा आजच्या काळात समोर येतो. केस पांढरे झालेला स्टेली. जाड झालेला कोणी. आणि आपल्या तोंडून उद्गार निघतो, अरे, हा आहे! हा वाचला! प्रेक्षागृहात लोक इथे रडतात. त्या चेहऱ्यांत स्पेन्सर कॉक्स आहे. त्या शरद ऋतूत लोक त्याला पडद्यावर जिवंत बघून सुटकेचा श्वास टाकत होते, आणि त्याच दिवसांत तो त्याच शहरात मरणाच्या जवळ चालला होता. तो गेल्यानंतर महिन्याच्या आत चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

एवढं जाणणारा, एवढं लिहिणारा माणूस स्वतःला का वाचवू शकला नाही? मला मिळालेलं उत्तर साधं आहे. नैराश्य हा मूर्खपणा नाही की ज्ञानाने जावा. हाड मोडलं की हाडांचा डॉक्टर स्वतःच स्वतःचं हाड बसवू शकत नाही. त्याला दुसऱ्याचा हात लागतो.

लॅरी क्रेमर यांचं उदाहरण याला जोडून थोडक्यात सांगतो. त्यांच्यावर जीन कार्लोमुस्टो यांनी २०१५ साली माहितीपट केला. त्या स्वतः त्याच चळवळीतल्या. क्रेमर यांच्या घरात १९८२ साली एड्सच्या रुग्णांसाठी जी पहिली मदतसंस्था जन्मली, तिच्यातूनच पुढे त्यांना बाहेर पडावं लागलं होतं. स्वभाव तसा जहाल. पण म्हातारपणी, २०१३ साली, अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेत त्यांचं लग्न लागलं, कारण उशाशी डेव्हिड वेब्स्टर नावाचा माणूस होता. क्रेमर २०२० पर्यंत जगले, ८४ वर्षं. स्पेन्सरपेक्षा ते मोठ्या मनाचे किंवा जास्त धीराचे होते, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या उशाशी कोणी होतं.

आता गोव्यातलं म्हापसा. मी म्हटलं होतं ना! डॉमिनिक डिसोझा हा गोव्याचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्तातून त्याला लागण असल्याचं कळलं, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत एकटं कोंडून ठेवलं. ६४ दिवस! त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, वकील आनंद ग्रोव्हर उभे राहिले. डॉमिनिक बाहेर आला तो कार्यकर्ता होऊनच. १९९२ साली तो गेला, पण जाण्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू करून गेला. त्याच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

त्या कायद्याविरुद्ध बोलणं सोपं होतं, कारण तो कागदावर लिहिलेला होता. त्याला कलम होतं, ६४ दिवस मोजता येत होते, आणि आईला न्यायालयात जाता येत होतं. स्पेन्सरला कोणी कोंडलं नव्हतं. त्याच्या दाराला कुलूप नव्हतं. मग याचिका कोणाविरुद्ध करायची?

आणि मुंबई. न्यूयॉर्कमध्ये झगडून मिळवलेल्या त्या औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ साली सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच तिहेरी औषधं वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. आज देशात २५ लाखांच्या आसपास माणसं हा विषाणू अंगात घेऊन जगताहेत आणि त्यातली कितीतरी आता म्हातारी होताहेत. म्हातारं होणं हेच ज्यांच्यासाठी नवल होतं, अशी ही पिढी आहे. सरकारी रुग्णालयातल्या खिडकीवर त्यांना गोळ्या मिळतात. गोळ्या देणाऱ्याने 'घरी कोण कोण असतं?' एवढं विचारलं तरी खूप झालं.

आता आपली गल्ली. हे बोलताना माझा आवाज थोडा हलेल, सांभाळून घ्या.

साने गुरुजींबद्दल आपण किती बोलतो! पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १९४७ साली केलेलं उपोषण शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःहून आयुष्य संपवलं, वयाच्या पन्नाशीत. हे सांगताना आपण आवाज खाली का आणतो? 'मातृहृदयी होते, जगाचं दुःख सहन झालं नाही' असं म्हणून आपण पुढे जातो. मातृहृदयी माणसाचीही विचारपूस करावी लागते, हे आपण पंचाहत्तर वर्षांत शिकलो का? अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. ज्यांच्या आवाजावर शिवाजी पार्कं भरली, त्यांचे शेवटचे दिवस हलाखीचे आणि एकटे होते. आणि शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या आपल्या झोपडीत घोगऱ्यांनी जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांना गाताना टिपलं होतं. त्यांच्या जाण्यापासून सुरू करून पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला. ज्या मंचासाठी घोगरे गायले, त्या मंचाने आधीच त्यांना दूर केलेलं होतं. त्या गोळीबाराचं दुःख तर होतंच. पण ते दुःख ज्यांच्यात बसून वाटून घ्यायचं, ती माणसं आसपास होती का?

मी कोणावर ठपका ठेवायला आलेलो नाही. ठेवायचाच तर आधी माझ्यावर. ऐका.

ज्यांनी मला पहिल्यांदा शिबिराला नेलं त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बायकांना पूर्ण मजुरी मिळावी म्हणून ते हिंडले, तिथून पुढे चाळीस वर्षं पूर्णवेळ काम. मानधन कधी मिळालं, कधी नाही. वहिनी शिक्षिका होत्या म्हणून घर चाललं. वहिनी गेल्या. गुडघे गेले. दादांचं बैठकीला येणं कमी झालं, मग बंद. आम्ही म्हणालो, वय झालं. संघटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा मोठा मेळावा झाला, स्मरणिका निघाली. त्यांना निमंत्रण गेलं नव्हतं. पत्त्यांची यादी नवी केली होती, आणि नव्या यादीत फक्त चालू वर्गणीदार होते. हे कोणी दुष्टपणाने केलं नाही. ती यादी तपासायला माझ्याकडेही आली होती, आणि मी सही केली.

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. दोन जिने चढून दार ढकललं. दुपारचे चार, आणि खोलीत अंधार. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले, वरचा कागद पिवळा पडून कुरकुरीत झालेला. टेबलावर एक जुनी डायरी उघडी होती, टेलिफोन नंबरांची. मी सहज पाहिलं. पानावर अकरा नावं होती आणि नऊ नावांवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारलेली होती. शाईचे रंग वेगळे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी मारलेल्या. दादा म्हणाले, "चहा टाकतो." आणि उठलेच नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मन लागत नाही रे. कशातच." ज्या माणसाने मला 'रडायचं नाही, संघटित व्हायचं' हे शिकवलं, तो माणूस हे म्हणत होता, आणि म्हणताना त्याला लाज वाटत होती.

ती लाज आम्हीच त्यांना शिकवली होती. कार्यकर्त्याला असलं काही होत नसतं. मन उदास होणं ही चैन आहे, खात्यापित्या घरातल्यांची. लोकांची दुःखं बघ, म्हणजे तुझं विसरशील. ही वाक्यं मी स्वतः शिबिरांत बोललो आहे, टाळ्या घेऊन. आज या व्यासपीठावरून मी ती परत घेतो.

दादांना आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. यायला तयार नव्हते. रक्तदाबाच्या तपासणीला म्हणून गेलो आणि तिथे डॉक्टर बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, तीन-चार आठवड्यांनी झोप लागायला लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण नैराश्यावर इलाज आहे हे सभागृहातून, माईकवरून सांगितलं गेलं पाहिजे. ज्यांना डॉक्टरपर्यंत जाता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारची 'टेली मानस' ही सेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. भाषण छापाल तेव्हा हा नंबर ठळक टाइपात छापा, ही संयोजकांना विनंती.

पण गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी बाईंनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "यांच्याकडे आठवड्यातून नेमाने कोण येतं?" आम्ही चौघे होतो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही तिघं-चौघं दादांच्या खोलीवर जमतो. त्यांची जुनी बैठक गुरुवारचीच असायची. विषय ठरलेला नसतो. कधी वर्तमानपत्र वाचतो, कधी ते गठ्ठे सोडून पत्रकं सालवार लावतो. बहात्तर ते पंच्याहत्तर लावून झालं आहे. कधी नुसते बसतो. मधे दोन गुरुवार ते भिंतीकडे तोंड करून पडून होते, एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही चहा करून प्यायलो, त्यांचा झाकून ठेवला आणि सातला उठलो.

गेल्या गुरुवारी मला उशीर झाला. बस चुकली, सहा वाजून वीस मिनिटं झाली. खालून पाहिलं तर दादा दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी, कठड्याला धरून उभे. अंगात इस्त्रीचा सदरा. मी धापा टाकत वर पोचलो. त्यांनी मनगट वर करून घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाले, "सहाची बैठक म्हणजे सहाला."